कावळा शिवला, आता देणी कुणी फेडायची?

सातारा जिल्ह्यातली एक अठ्ठावीस वर्षांची वाचक लिहिते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

तीन महिन्यांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, हार्ट अटॅकनं गेले. वय ५४. तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दहाव्याला तासभर कावळा शिवेना. भाऊबंद एकेक करून बोलून दमले. शेवटी मी हात जोडून म्हटलं, ‘अण्णा, तुमचं कुणाचं काही ठेवणार नाही,’ आणि कावळा शिवला.

तेराव्यानंतर देणी बाहेर आली. पतसंस्थेचे २ लाख ६० हजार. जामीन शेजारच्या गाळ्यातले शिंपीकाका आणि एक लांबचे नातेवाईक. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे १ लाख १० हजार. गावातल्या एकाकडून पाच रुपये शेकड्यानं घेतलेला १ लाख. त्याच्याकडे अण्णांच्या सहीचे दोन कोरे चेक आहेत. तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याचे ४२ हजार. कारागिराचा दोन महिन्यांचा पगार २४ हजार. सगळे मिळून ५ लाख ३६ हजार. अण्णांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ही यादी त्यांच्याच अक्षरात सापडली. सगळ्यात वर कारागिराचं नाव, त्याखाली दोन रेघा.

मागे राहिलंय ते असं : दवाखाना आणि क्रियाकर्माचे ३५ हजार जाऊन बँकेत २६ हजार, गाळ्याचं डिपॉझिट ५० हजार, आणि आई नॉमिनी असलेली २ लाखांची एलआयसी पॉलिसी. घर आजीच्या नावावर. मला पुण्यात २७ हजार पगार, भाऊ डिप्लोमाला. गाळ्यात शेतकऱ्यांच्या अकरा मोटारी पडून आहेत.

काका म्हणतात, हात वर करा, माणूस गेला की कर्ज गेलं. आणि तू तर मुलगी. मामा म्हणतात, एलआयसी आणि आईचं चार तोळे सोनं मोडून मोकळे व्हा. पतसंस्थेचा माणूस आईला म्हणतो, तुमच्या नावावर नवं-जुनं करून घ्या, नाहीतर घरावर बोजा चढवू. मी पगारावर पर्सनल लोन काढून वर्षश्राद्धाच्या आत सगळ्यांचं देऊन टाकायचं ठरवतेय. शब्द दिलाय. चुकतेय का मी?

*

तुमच्या पत्रात आकडे नंतर येतात, कावळा आधी. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

घाटावर पिंडाकडे बघत उभं राहणं काय असतं, ते ज्यानं सोसलंय त्यालाच कळतं. उन्हं चढतात, भटजी हळूच घड्याळ बघतात, कुणीतरी दर्भाचा कावळा करायची गोष्ट काढतं आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माणूस काहीतरी मनात ठेवून गेला, आणि ते आपल्याला ओळखता येत नाही, याचं ते दुःख असतं. त्या क्षणी तुमच्या तोंडून जे निघालं ते मनापासून निघालं. तो शब्द मोडा, असं मी सांगणार नाही.

पण तो शब्द नेमका काय होता, ते पुन्हा एकदा बघा. ‘कुणाचं काही ठेवणार नाही.’ त्यात वर्षाची मुदत नव्हती. स्वतःच्या नावावर कर्ज काढीन, असं नव्हतं. हे सगळं नंतर, झोप न लागलेल्या रात्री, तुम्हीच त्याला जोडलंत. ५ लाख ३६ हजारांचं कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंत, तर हप्ता महिना साडेबारा हजारांच्या घरात जाईल आणि एकूण फेड साडेसात लाखांच्या आसपास. पगार २७ हजार, त्यातून पुण्यातलं राहणं-खाणं, भावाची फी आणि आता आईचा घरखर्च. कारागिराच्या पगाराखाली दोन रेघा ओढून ठेवणाऱ्या माणसानं पोरीकडून हे मागितलं असतं, असं मला वाटत नाही.

आता काकांचं. ते अर्धं बरोबर बोलताहेत, आणि अर्धं बरोबर हेच घातक असतं. माणूस गेला म्हणून कर्ज जात नाही. ते त्यानं मागे ठेवलेल्या मिळकतीवर राहतं. वारसाच्या हातात मयताची जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० सांगतं. तुमचा पगार, भावाची उद्याची नोकरी, आईचं स्त्रीधन यांना त्याची झळ लागत नाही. बापाचं कर्ज मुलानं फेडलंच पाहिजे, ही जुन्या हिंदू कायद्यातली पुत्रधर्माची जबाबदारीही ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यानंतर घेतलेल्या कर्जांसाठी, संपली. तेव्हा ‘तू तर मुलगी’ या वाक्याला काही अर्थ नाही. तुम्ही, भाऊ, आई आणि आजी असे चौघं अण्णांचे सारखे वारस आहात. कायद्यानं चौघांपैकी कुणालाही पदरचं घालावं लागत नाही, आणि अण्णांचं जे आहे ते देणी बाजूला ठेवून वाटूनही घेता येत नाही.

मग अण्णांचं म्हणजे काय काय? बँकेतले २६ हजार आणि गाळ्याचं डिपॉझिट, हे त्यांचं. क्रियाकर्माचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी निघणं रास्तच आहे. त्याच्या पावत्या तेवढ्या जपा. ते ३५ हजार अण्णांच्या एटीएम कार्डानं काढले असतील, तर आता कार्ड बाजूला ठेवा. मृत्यूचा दाखला देऊन बँकेला कळवा आणि पुढचे पैसे रीतसर क्लेम करून घ्या. खात्याला नॉमिनी असला तरी तो पैसा नॉमिनीचा होत नाही, तो वारसांच्या वतीनं सांभाळायचा असतो.

एलआयसीचं वेगळं आहे. २०१५च्या सुधारणेपासून नॉमिनी म्हणून पत्नी असेल तर विम्याचा पैसा तिचाच. विम्याच्या रकमेला जप्तीपासूनही संरक्षण आहे. पॉलिसी कुठल्या कर्जासाठी तारण लिहून दिली होती का, एवढं एलआयसीच्या शाखेत विचारून घ्या. तशी दिली नसेल तर ते दोन लाख आईचे. त्यांचं वय मी धरते पन्नाशीच्या आसपास, स्वतःची कमाई नाही. मामांचा हेतू चांगला असेल, पण हे दोन लाख आणि चार तोळे म्हणजे तुमच्या आईचं पुढचं सगळं आयुष्य आहे. त्याला हात लावू नका.

घर आजींचं. त्यांनी स्वतः कर्जाला जामीन किंवा तारण दिलं नसेल, तर अण्णांच्या कर्जापोटी त्यावर बोजा चढत नाही. ती नुसती धमकी आहे.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची आहे ती. आईला आज रात्रीच फोन करा आणि सांगा की कुठल्याही कागदावर सही करायची नाही. माझ्या आत्यानं आतोबांच्या तेराव्याच्या आतच ‘फक्त नवं-जुनं आहे, वहिनी’ म्हणणाऱ्या माणसाच्या कागदावर सह्या केल्या. कपाळ पुसलेलं, डोळे सुजलेले, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं. त्या सह्यांनी गेलेल्या माणसाचं जुनं कर्ज मिटलं आणि आत्याच्या नावावर नवं कोरं कर्ज उभं राहिलं. जे कर्ज मयताच्या मिळकतीपुरतं होतं, ते तिच्या स्वतःच्या कर्जात बदललं. सात वर्षं फेडत होती. तुमच्या आईच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. हातात पन्नास-शंभर देऊन कुणाला ‘तात्पुरतं’ गप्प करणंही टाळा. कर्जाची लेखी कबुली किंवा थोडीशी फेड यांमुळे वसुलीची मुदत नव्यानं मोजली जाऊ शकते.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मग काका म्हणतात तेच बरोबर, हात वर करावेत. थांबा. पतसंस्थेच्या कर्जात शिंपीकाका आहेत.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ती कर्जदाराच्या मृत्यूनं संपत नाही. पतसंस्था सहकार निबंधकांकडून १०१ चा, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला घेईल आणि वसुली शिंपीकाकांच्या दारात जाईल. तुम्ही कायद्याच्या आधारानं सुटाल, आणि ज्या माणसानं अण्णांच्या शब्दावर सही केली, तो शिलाईच्या पैशातून ते भरत बसेल. म्हणूनच ‘देणी’ या एका शब्दाखाली तुम्ही जे पाच जण एकत्र बांधलेत, ते आधी सुटे करा. प्रत्येकाचं अण्णांशी नातं वेगळं होतं.

हे तर अण्णांनीच करून ठेवलंय. पुन्हा ते शेवटचं पान काढा. कारागीर सगळ्यात वर. भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्येही मयताच्या मिळकतीतून कशाचे पैसे आधी द्यायचे, याचा क्रम दिला आहे : अंत्यविधी आणि शेवटच्या महिन्यातलं औषधपाणी, मग मृत्युपत्राच्या कोर्टकामाचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजूर-कारागिरांची मजुरी, आणि मग बाकीची देणी, सगळ्यांना सारख्या प्रमाणात. हा क्रम मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांसाठी आहे, पण तो धरून चाललात तर उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवू शकणार नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, असं करू नका. तसं केलं की कारागीर नेहमी शेवटी राहतो.

तर बँकेतले २६ आणि डिपॉझिटचे ५०, अशा ७६ हजारांतून आधी कारागिराचे २४ हजार द्या. ५२ हजार उरतात. आणि इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. देण्याची यादी तुम्ही पै-पैची लिहिलीत. येण्याची कुठे आहे?

रिवाइंडिंगचं दुकान उधारीवर चालतं. विहिरीवरची मोटार ऐन पाण्याच्या पाळीला जळते, शेतकरी ती ट्रॉलीत टाकून आणतो, ‘उसाचं बिल आलं की देतो’ म्हणतो आणि घेऊन जातो. म्हणजे अण्णांच्या त्याच वहीत, शेवटच्या पानाच्या अलीकडे, गावागावांतली नावं असणार. ते येणं ही अण्णांची मिळकतच आहे. आणि त्या अकरा मोटारी! प्रत्येकीला तारेनं चिठ्ठी बांधलेली असेल, नाव, गाव, हॉर्सपॉवर. मोटार शेतकऱ्याची, तिच्यातलं झालेलं काम अण्णांचं. कुठलीत कॉइल भरून झाली आहे, कुठली नुसती उघडून ठेवली आहे, जळकं तांबं गिऱ्हाइकाला परत द्यायचं की बिलात वळतं करायचं, हे फक्त एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो कारागीर. त्याचा थकलेला पगार हातात देऊन मग विचारा की या अकरा मोटारी पुऱ्या करशील का, आणि नव्या मजुरीतला त्याचा वाटा आधीच ठरवा. दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आज ठरवू नका. फक्त गाळ्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होत असेल, म्हणून हे काम लवकर उरका.

तारेच्या व्यापाऱ्याकडे स्वतः जा. न फोडलेली रिळं असतील तर ती परत घेतात का, विचारा. तेवढी रक्कम वजा होईल. त्यांना उरलेल्या मिळकतीतला त्यांचा वाटा द्या, आणि पुढचं येणं वसूल होईल तसं देऊ, असं सांगा. व्यापारातल्या माणसाला पैशाइतकीच खबर लागते.

पतसंस्थेला तोंडी काही बोलू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. त्यात चार गोष्टी मागा : कर्जखात्याचा पूर्ण उतारा, कर्जाला विमा किंवा संस्थेच्या एखाद्या निधीचं संरक्षण होतं का, अण्णांचे शेअर्स आणि ठेव कर्जात वळती करून बाकी किती राहते, आणि मृत्यूनंतरचं व्याज व दंडव्याज माफ करून एकरकमी परतफेडीची सवलत मिळेल का. २ लाख ६० हजारांचा आकडा या चार उत्तरांनंतर बराच खाली आलेला मी पाहिलाय. मग शिंपीकाकांकडे जा, पतसंस्थेच्या माणसानं त्यांना गाठायच्या आधी. सगळा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. स्वखुशीनं पगारातून काही घालायचं असेल, तर ते इथे घाला : महिन्याला दोन किंवा तीन हजार, जे तुम्हाला झेपेल ते, शिंपीकाकांच्या वाट्याला येणाऱ्या हप्त्यासाठी. लेखी हमी न देता, तुमच्या मनानं. तुमचा दहाव्याचा शब्द मला तरी इथे सगळ्यात खरा वाटतो.

ॲपवाल्यांना मृत्यूच्या दाखल्याची प्रत मेल करा, कर्ज मंजुरीचं पत्र आणि विम्याचा तपशील मागा, आणि मिळकत किती आहे ते कळवून टाका. तुम्ही सहकर्जदार नसाल तर त्यांचा तुमच्यावर व्यक्तिशः काही हक्क नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना धमकवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ऐकत नसतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

राहिला पाच रुपये शेकडावाला. पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला साठ टक्के. अण्णांच्या वहीत त्याला दिलेल्या हप्त्यांच्या नोंदी असतीलच, त्या मोजा. महिना पाच हजारांनी वीस महिने दिले असतील तरी एक लाख व्याज गेलं, म्हणजे मुद्दलाइतकं. दामदुप्पटीचा नियम आपल्याकडे जुना आहे आणि सावकारी कायद्यातही तो आहे : मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. हा माणूस सावकारी धंदाच करत असेल आणि परवाना नसेल, तर कोर्टही त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. परवाना आहे की नाही ते तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळतं, आणि तक्रारही तिथेच करायची. कोऱ्या चेकना घाबरू नका. खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की ते वटत नाहीत, आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटला वारसांवर चालत नाही. फक्त त्याला भेटायला आईला किंवा एकट्या भावाला पाठवू नका.

आणखी एक, विसराल म्हणून सांगते. अण्णांचं बँकेचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपयांची कपात दिसते का, ते बोट ठेवून बघा. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची असते. कितीतरी घरांत खातेदारानं कधीतरी फॉर्म भरलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. या विम्याचं संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंत असतं, अण्णा ५४ चे होते. हप्ता कापलेला असेल तर २ लाखांचा क्लेम आहे. तीन महिने झालेत, आता उशीर करू नका.

हे सगळं एकटीनं करायचं नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे बायकांना उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. आईच्या नावानं अर्ज करा. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना वकिलाकडून एक साधं पत्र गेलं, की अण्णांची मिळकत इतकी, देणी इतकी आणि वाटप या क्रमानं, की दारात येणाऱ्यांची भाषा बदलते. वारसांपैकी आजीही आहेत, त्यांची संमती घ्यायला विसरू नका. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती त्याच वहीत, त्याच पानासमोर चिकटवत जा.

वर्षश्राद्धाला नऊ महिने आहेत. तोपर्यंत त्या पानावरचं पहिलं नाव खोडलेलं असेल, बहुधा व्यापाऱ्याचंही बरंचसं. बाकीच्यांपुढे तारखा आणि आकडे असतील. तेवढं घाटावर सांगता येईल.

या शनिवारी गावी जाल तेव्हा आधी कारागिराला गाळ्यावर बोलवा. शटर त्याच्याबरोबरच उघडा, आणि मोटारींच्या चिठ्ठ्या तो वाचेल तशा तुम्ही लिहून घ्या.